प्रोसेसर मेनवर, शिट्टी मॉनिटरमध्ये

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. सिन्नर तालुक्यात तुमचं मंडप आणि साउंडचं काम आहे. गावच्या हरिनाम सप्ताहासाठी यंदा तुम्ही आपोआप फीडबॅक, म्हणजे माईकची शिट्टी, पकडणारा डिजिटल प्रोसेसर घेतला आणि मिक्सरच्या मेन आउटला, म्हणजे लोकांकडच्या स्पीकरच्या वाटेवर, लावला. पहिल्या दिवशी अर्धा तास बरं चाललं. मग कीर्तनात शिट्टी सुरू झाली. प्रोसेसरचे दिवे एकेक करून लागत गेले, म्हणजे तो काहीतरी कापत होता, पण शिट्टी काही जाईना. तिसऱ्या दिवशी महाराज म्हणाले, "आवाज डब्यातून आल्यासारखा येतोय." आता तुम्ही विचारताय, यापेक्षा भारी प्रोसेसर कोणता घेऊ?

सध्या कोणताच घेऊ नका. मी बावीस वर्षं नाशकात हेच काम करतोय. झाडाला भोंगे बांधण्यापासून सुरुवात केली, आता कालिदास कलामंदिरापासून गोदाघाटापर्यंत कुठेही मिक्सरवर बसतो. तुमच्या मजकुरातल्या दोन गोष्टींवर माझी नजर अडकली. एक, प्रोसेसर मेन आउटला आहे. दोन, महाराजांसमोर आणि टाळकऱ्यांसमोर दोन मॉनिटर, म्हणजे त्यांना स्वतःचा आवाज ऐकवणारे स्पीकर, आहेत आणि ते ऑक्समधून, म्हणजे मिक्सरच्या वेगळ्या आउटमधून, थेट अँपला जातात. माझा अंदाज आहे की तुमची शिट्टी या मॉनिटरमधून येतेय आणि तुमचा प्रोसेसर त्या वाटेवर बसलेलाच नाही.

शिट्टी म्हणजे गोल फिरणारा आवाज. माईकमध्ये शिरलेला आवाज मिक्सर, अँप, स्पीकर करत परत त्याच माईकमध्ये येतो. एका फेरीत तो होता त्यापेक्षा मोठा होऊन परतला आणि लाटेवर लाट नेमकी बसली, की त्या सुरावर तो वाढतच जातो. डेन्मार्कच्या सोरेन लार्सेन यांच्या नावावरून याला लार्सेन इफेक्ट म्हणतात. आपल्याकडे माईक कुईकुई करतो. लाट कुठे जुळणार ते फेरीच्या लांबीवर ठरतं. मॉनिटर माईकपासून १.७ मीटरवर असेल तर आवाजाला यायला साधारण ५ मिलिसेकंद लागतात, म्हणजे दर २०० हर्ट्झला एक शिट्टी दबा धरून बसलेली असते. त्यातल्या ज्या जागी स्पीकर, माईक किंवा खोली जरा जास्त बोलते, ती पहिली उठते. तुम्हाला कुणीतरी "थोडा डिले टाका, शिट्टी जाईल" असं सांगितलंय म्हणता. डिलेने फेरी लांबते, शिट्ट्या जागा बदलतात आणि उलट जवळजवळ येतात. जात नाहीत.

आता तुमच्या मंडपात काय झालं असेल ते बघा. मॉनिटर आणि महाराजांचा माईक यांच्यात, समजा, २००० हर्ट्झवर फेरी सुरू झाली. ती शिट्टी माईकमध्ये आहे, म्हणून मिक्सरमधून मेनलाही जाते. मेनवर बसलेल्या प्रोसेसरला ती ऐकू येते. तो म्हणतो, सापडली, आणि २००० वर एक अरुंद काप मारतो, ज्याला आपण नॉच म्हणतो. पण हा काप फक्त मेन स्पीकरच्या वाटेवर लागतो. मॉनिटरची फेरी तशीच चालू. शिट्टी थांबली नाही म्हणून तो काप आणखी खोल करतो. तेवढ्यात दुसरी उठते, तो तिथेही कापतो. अर्ध्या तासात सगळे फिल्टर भरले, मंडपातल्या हजार माणसांना ऐकू येणाऱ्या आवाजाची चाळण झाली आणि शिट्टी जिथल्या तिथे. महाराजांना डबा ऐकू आला तो असा. घर एकाचं आणि कुलूप लावलं शेजाऱ्याच्या दाराला.

हे मी इथे बसून छातीठोक सांगू शकत नाही, म्हणून तुम्हीच तपासा. काकडा झाल्यावर मंडप रिकामा असतो. प्रोसेसर बायपास करा, शिट्टीच्या काठावर येईपर्यंत महाराजांचा माईक वाढवा, मग मॉनिटरचं अँप शून्यावर आणा. शिट्टी गेली तर गुन्हेगार मॉनिटर. नाही गेली तर मॉनिटर वर करून मेनचं अँप खाली आणा. दोन्ही मिळून करत असतील असंही होतं, तेव्हा दोन्ही अर्धे-अर्धे खाली आणल्यावर गप्प बसतं. पाच मिनिटांचं काम आहे.

मॉनिटर निघाला तर उपाय जवळजवळ फुकट आहे. तुमचा मेन स्टिरिओ असायची काहीच गरज नाही. मंडपात डावीकडे बसलेल्याला उजवीकडचा आवाज वेगळा ऐकवून काय मिळवायचंय? मेन मोनो करा. प्रोसेसरचे दोन चॅनेल एकमेकांपासून सोडवता येत असतील तर पहिला मेनला द्या, दुसरा मॉनिटरच्या ऑक्स आणि अँपच्या मध्ये. दोन्ही मॉनिटर एकाच ऑक्सवर घ्यावे लागतील, सप्ताहाला चालतं. चॅनेल सोडवता येत नसतील तर सगळा प्रोसेसरच मॉनिटरवर टाका आणि मेनचं काम मिक्सरच्या इक्यूवर, म्हणजे जाड-बारीक आवाज कमी-जास्त करायच्या बटणांवर, भागवा. आधीचे सगळे आपोआप लागलेले फिल्टर पुसायला विसरू नका. बऱ्याच यंत्रांत बंद करून चालू केलं तरी ते तसेच राहतात.

पण एवढ्यावर थांबलात तर पुढच्या सप्ताहाला परत विचाराल. योग्य जागी बसवलेला फीडबॅक प्रोसेसर देतो किती? माझ्या अनुभवात ३ डेसिबल सहज, ६ डेसिबल नशीब चांगलं असेल तर. पहिले तीन-चार काप खरं काम करतात. त्यानंतर प्रत्येक नवा काप कमी देतो आणि आवाजातून जास्त नेतो. कारण सोपं आहे: सगळ्यात उंच चार डोकी छाटली की बाकीची सगळी एका उंचीवर उभी असतात.

आता अंतराचा हिशोब लावा. तोंड आणि माईक यांच्यातलं अंतर निम्मं केलं की माईकला ६ डेसिबल जास्त मिळतात. तुमचे महाराज कॉलर माईक लावतात, तो छातीवर तोंडापासून २० सेंटीमीटरवर. वर उपरणं घासतं ते वेगळंच. तोच माईक कानावरून गालाशी आला, ४ सेंटीमीटरवर, की १४ डेसिबल मिळाले. प्रोसेसरचे ३ कुठे आणि हे १४ कुठे! महाराज मंडळींना हेडसेट आवडत नाही हे मला माहीत आहे. फेट्यात अडकतो, दिसायला बरा दिसत नाही. मी त्वचेच्या रंगाचा बारीक हेडसेट नेतो, फेटा बांधायच्या आधीच लावून देतो आणि तार मानेमागून सोडतो. एकदा आपला आवाज मॉनिटरमध्ये स्वच्छ ऐकला की दुसऱ्या दिवशी स्वतःहून मागतात.

उघडे माईक मोजा. चालू माईक दुप्पट झाले की ३ डेसिबल गेले: चाराचे आठ केले तर ३, एकाचे आठ केले तर ९. तुम्ही टाळकऱ्यांसमोर चार, पखवाजाला दोन, पेटीला एक आणि महाराजांचा एक असे आठ सतत उघडे ठेवताय. निरुपण चालू असताना टाळकऱ्यांचे चार माईक काय ऐकतात? मॉनिटर ऐकतात आणि मागच्या माणसांच्या गप्पा ऐकतात. ते चार खाली घ्या. महाराज प्रमाणाच्या अभंगाकडे वळले, टाळकऱ्यांनी टाळ उचलले, की वर आणा. यासाठी ऑपरेटरने कीर्तन ऐकायला हवं. मी नवीन मुलाला मिक्सरवर बसवायच्या आधी चार कीर्तनं नुसता ऐकायला बसवतो. मोबाईलवर मान घातलेल्या पोराला कुठलंच यंत्र वाचवू शकत नाही. परिसंवादासारखा कार्यक्रम असेल, सहा वक्ते आणि सहा माईक, तर आजच्या बऱ्याच डिजिटल मिक्सरमध्ये ऑटोमिक्स असतं. ते बोलणाऱ्याला वर घेतं आणि गप्प बसलेल्यांना खाली, एकूण गेन, म्हणजे आवाजाची वाढ, एकाच माईकएवढी राहते. बोलण्यासाठी मी ते डोळे झाकून लावतो. भजनाला नाही, तिथे सगळेच एकदम गातात.

मॉनिटर कुठे ठेवायचा हे माईक बघून ठरतं. साधा कार्डिऑइड, म्हणजे समोरचं ऐकणारा, माईक पाठीमागून बहिरा असतो, म्हणून मॉनिटर त्याच्या शेपटीच्या समोर, नाकाच्या रेषेत. सुपरकार्डिऑइड नेमका पाठीमागे थोडं ऐकतो आणि साधारण १२५ अंशांवर बहिरा असतो, म्हणून त्याला मॉनिटर तिरके, डावी-उजवीकडे. लोक महागडा सुपरकार्डिऑइड घेतात, मॉनिटर सवयीने सरळ मागे ठेवतात आणि माईकला शिव्या देतात. कुणी जाळी मुठीत धरली की हे सगळं गणित संपलं. पाठीमागच्या फटी झाकल्या गेल्या की माईक चहूबाजूंनी ऐकायला लागतो. मेनचे टॉप स्पीकर मंचाच्या पुढे काढा, निदान दीड-दोन मीटर. आणि तुमच्या मंडपाला पत्रा आहे म्हणता. महाराजांच्या मागे आणि डोक्यावर जाड कापड लावा, चुण्या पाडून आणि पत्र्यापासून जरा लांब. मंडप तुमचाच आहे, कापड गोदामात पडलेलं असणार.

हे सगळं झालं की मग प्रोसेसर. या यंत्रांत फिल्टर दोन जातीचे असतात: एकदा बसवून कायम ठेवायचे, म्हणजे फिक्स्ड, आणि कार्यक्रम चालू असताना शिट्टी दिसली की आपोआप बसणारे, म्हणजे लाईव्ह. कंपनीगणिक नावं बदलतात. मी मॉनिटर असा बांधतो. सगळे फिल्टर पुसलेले, मिक्सरवर माईकचा लो कट, म्हणजे खालचा घुमणारा आवाज कापणारा फिल्टर, १२० हर्ट्झला, सगळे माईक आपापल्या जागी उघडे आणि महाराजांच्या जागी एक माणूस हेडसेट लावून उभा, कारण माणसाच्या अंगावरूनही आवाज परततो. मग मॉनिटरचा ऑक्स अगदी हळू वर. पहिली बारीक 'ऊंऽऽ' उठली की थांबायचं, यंत्राला ती पकडू द्यायची, मग पुन्हा थोडं वर. चार, फार तर सहा फिक्स्ड काप झाले की बस. दोन काप एकमेकांना चिकटून पडले तर ते नॉचचं दुखणं नाही, त्या भागात स्पीकरचाच आवाज फुगलेला आहे. ते दोन्ही पुसा आणि साध्या इक्यूने तो भाग ३ डेसिबल उतरवा. शेवटी फिल्टर लॉक करायचे आणि ऑक्स शिट्टीच्या काठापासून ६ डेसिबल खाली आणायचा. हा शेवटचा भाग पोरं गाळतात. काठावर उभं राहिलं की शिट्टी नसली तरी प्रत्येक शब्दाला शेपूट फुटतं. एक आणखी: महाराजांच्या माईकवर कॉम्प्रेसर, म्हणजे मोठा आवाज दाबणारं यंत्र, असेल आणि दाबलेलं भरून काढायला त्यात मेकअप गेन दिला असेल, तर महाराज थांबल्यावर तोच गेन माईक वर उचलतो. नेमकी शांततेत शिट्टी येत असेल तर तिकडे बघा.

अरुंद काप का, तर कमी नासधूस. १००० हर्ट्झवर एकतीस पट्ट्यांच्या ग्राफिक इक्यूची एक पट्टी साधारण २३० हर्ट्झ रुंदीचा तुकडा ओढते. एक दशांश सप्तकाचा नॉच जेमतेम ७० हर्ट्झ घेतो. म्हणून डिजिटल प्रोसेसरला मी नावं ठेवत नाही, माझ्या रॅकमध्ये दोन आहेत.

पण त्याचे लाईव्ह फिल्टर मी आपल्या संगीतावर कधीच मोकळे सोडत नाही, आणि हे शिकायला मला एका बासरीच्या मैफिलीची किंमत मोजावी लागली. गंगापूर रोडच्या एका छोट्या सभागृहात कार्यक्रम होता, यंत्र नवं, उत्साह नवा. लाईव्ह फिल्टर चालू ठेवून मी निवांत. वीसेक मिनिटांनी आलापात बासरी पंचमावर थांबली की आवाज मागे जायला लागला. मी फेडर वर केला, तरी पंचम पोकळ. वादक एकदा माझ्याकडे आणि एकदा बासरीकडे बघत होते. मध्यंतरात स्क्रीन पाहिली तर ४९५ हर्ट्झच्या आसपास दोन काप बसलेले, एकावर एक. ती बासरी ई पट्टीची, षड्ज ३३०ला, म्हणजे पंचम नेमका तिथेच. यंत्राचा दोष नव्हता. यंत्र शिट्टी ओळखतं कशी? एकच सूर, फारसे उपस्वर नाहीत, बराच वेळ टिकून राहतो, त्यावरून. लांब लावलेल्या बासरीच्या सुराचं वर्णनही हेच आहे. पेटीला उपस्वर भरपूर, म्हणून ती थोडी सुटते, पण कीर्तनात पेटीवाले षड्ज धरून ठेवतात. काळी चारचा एक सा ४१५च्या आसपास, त्यावरचा ८३०. तुमच्या फिल्टरच्या यादीत हे आकडे दिसले तर तो फीडबॅक नाही, महाराजांची पट्टी कापली गेलीय.

याच कारणाने फ्रीक्वेन्सी शिफ्टरच्या वाटेला जाऊ नका. ही युक्ती जुनी आहे. बेल लॅब्जमधल्या मॅनफ्रेड श्रोडर यांनी १९६४मध्ये मांडली: प्रत्येक फेरीला आवाज ५ हर्ट्झ सरकवायचा, म्हणजे लाट परत त्याच जागी बसतच नाही. भाषणाला उत्तम, कुणाच्या लक्षातही येत नाही. पण ४१५चा षड्ज ४२० झाला तर तो जवळजवळ एक प्रमाण श्रुती, म्हणजे सुराचं एक बारीक पाऊल, चढला. समोर पेटी ४१५ने वाजतेय आणि स्पीकर ४२०ने, सेकंदाला पाच हेलकावे. तंबोरा लावायला ज्यांनी आयुष्य घातलं त्यांच्यासमोर हे करायचं धाडस माझ्यात नाही.

फिक्स्ड फिल्टरही सात दिवस पुरतील असं नाही. हिवाळ्यात आपल्याकडे काकड्याला १२ अंश आणि दुपारी ३२ अंश ही नवलाची गोष्ट नाही. अंशामागे आवाजाचा वेग सेकंदाला ०.६ मीटर वाढतो, तेव्हा वीस अंशांत साडेतीन टक्के फरक पडला. २००० हर्ट्झवरची शिट्टी २०७०कडे सरकते. एक दशांश सप्तकाचा नॉच त्या जागी दोन्ही बाजूंना सत्तरच हर्ट्झ पुरतो, म्हणजे शिट्टी त्याच्या कुंपणावर येऊन उभी. पाडवा पहाटेला मी हे दरवर्षी अनुभवतो: आदल्या संध्याकाळी बांधलेलं पहाटे पाचला जरा हललेलं असतं. म्हणून सकाळी एक आणि संध्याकाळच्या कीर्तनाआधी एक अशी दोन मिनिटांची उजळणी करा. दोन वेगळे प्रीसेट साठवलेत तर आणखी बरं.

लाईव्ह फिल्टर कुठे चालू ठेवतो? सत्कार समारंभात. पाहुणे माईकवर टिचकी मारणार, स्टँडवरून काढून मॉनिटरकडे तोंड करून धरणार, मग टेबलावर आडवा ठेवणार. तिथे दोन-तीन लाईव्ह फिल्टर आणि पाच-दहा मिनिटांनी आपोआप सुटायची वेळ लावलेली. तुमच्या सप्ताहातही काल्याच्या दिवशी पुढाऱ्यांची भाषणं असतील, तेवढ्यापुरते चालू करा आणि काल्याचं कीर्तन सुरू व्हायच्या आत पुसा.

खर्चाचं म्हणाल तर तुम्ही प्रोसेसरसाठी काढलेले पैसे आधी एका बऱ्या हेडसेटवर घाला, उरले तर टाळकऱ्यांसाठी दोन चांगले माईक. दोनच, चार नाही. पुढच्या वर्षी मिक्सर बदलायचा विचार असेल तर प्रत्येक ऑक्सवर स्वतंत्र इक्यू असलेला छोटा डिजिटल मिक्सर घ्या; मग मॉनिटरसाठी वेगळा प्रोसेसर लागणारच नाही. महाराज बाहेरगावचे असतील आणि रोज बदलत असतील तर हेडसेटला काही जण नकार देतील. त्यांच्यासाठी स्टँडवरचा एक माईक तयार ठेवा आणि त्या दिवशी मॉनिटर ३ डेसिबल कमीच मिळणार हे आधीच सांगून टाका.

चाचणी केलीत की दोन गोष्टी कळवा: मॉनिटर शून्यावर आणल्यावर शिट्टी गेली का, आणि प्रोसेसरच्या यादीत कोणते आकडे बसलेत. महाराजांची पट्टीही विचारून ठेवा.